पीट मॉसची गोणी आणि नांदूरमधमेश्वर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निफाड तालुक्यात बारा वर्षं मी टोमॅटो, ढोबळी मिरचीची रोपं करतो. ट्रे भरायला कोकोपीट वापरतो, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. यंदा जरबेरावाल्या पाहुण्यांनी ‘पीट मॉस’ची परदेशी गोणी आणून दिली. मऊ, तपकिरी, हलकी माती. चौकशी केली आणि जीव कासावीस झाला. दलदलीत हजारो वर्षं पुरतं न कुजता साचलेलं ते शेवाळ. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर थर चढतो, आणि आपण तो एका हंगामात संपवायचा! जगाच्या जमिनीत अशी दलदल सुमारे ३ टक्केच, पण सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन तिच्यात आहे. चर खणून पाणी काढलं की ती कुजते, पेटते. इंडोनेशियात २०१५ मध्ये तेच झालं. आता तिथे चरांना बांध घालून पाणी पुन्हा अडवतात. गोणी मी परत केली.

आपल्याकडे, निफाड तालुक्यातल्या नांदूरमधमेश्वरच्या पाणथळीत, पीट म्हणजे असा साचलेला थर नाही. गोदावरी-कादवेचा गाळ आहे. तरी २०१९ मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरलेली ही जागा पाण्याच्याच भरवशावर जगते. सांडपाण्यावर जलपर्णी फोफावते आणि उघडं पाणी झाकून टाकतं तिचं जाळं. ती काढून काठावर कुजत टाकू नये. तपासून, कंपोस्ट करून आम्हा रोपवाटिकावाल्यांना द्यावी. आम्ही पैसे मोजून नेऊ.

– एक रोपवाटिकाचालक, निफाड (जि. नाशिक)