कुकीची मुदत वाढवून लॉगिन टिकत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या तंत्रज्ञान पानावरची लॉगिन कुकीची चौकट वाचली. भाषा सोपी आहे, त्याबद्दल आभार. ‘लॉगिन टिकवायला कुकीची मुदत ‘३०’ करा’ हा त्यातला सल्ला मात्र अर्धाच आहे, आणि त्यावर विसंबणाऱ्याचा दिवस वाया जाईल.

लॉगिनला दोन मुदती असतात : एक ब्राउझरमधल्या कुकीची (ओळख पटवणारी छोटी नोंद), दुसरी सर्व्हरवरच्या सेशनची (त्या लॉगिनची तिथली नोंद). चौकटीत दुसरीचा उल्लेखच नाही. पीएचपी या वेब-भाषेत ‘कुकी लाइफटाइम’ ३० दिवसांचा केला, तरी ‘जीसी मॅक्सलाइफटाइम’, म्हणजे सेशनची मुदत, मूळच्या १४४० सेकंदांवर, म्हणजे २४ मिनिटांवरच राहतो.

एका पतसंस्थेत नेमके हेच झाले. काउंटरवर कर्जाचा अर्ज निम्मा भरून होतो, सभासद सातबाऱ्याची झेरॉक्स आणायला जातो, तेवढ्यात जेवणाची सुट्टी. परतल्यावर ‘जतन करा’ दाबले की समोर लॉगिनचे पान, भरलेले सगळे गेले. कुकी ३० दिवसांची करून पाहिली, तरी तेच. एफ-१२ दाबून ब्राउझरची तपासणी-खिडकी पाहिली तर कुकी जागेवर, मुदत पुढच्या महिन्याची. सर्व्हरवर त्या सेशनची फाइलच नव्हती. त्यात उबंटू या सर्व्हर-प्रणालीवर जुन्या फायली दर अर्ध्या तासाने आपोआप पुसल्या जातात. त्यामुळे शेवटच्या वापरानंतर २४ ते ५४ मिनिटांत लॉगिन केव्हाही तुटते. ‘कधी होतं, कधी होत नाही’ ही कर्मचाऱ्यांची तक्रार खरीच होती, त्यांना उगाच खोटे पाडले गेले.

उपाय असा : दोन्ही मुदती जुळवा. एकाच सर्व्हरवर दुसरे ॲप असेल तर सेशनचे फोल्डर वेगळे ठेवा, नाहीतर त्या ॲपची कमी मुदत तुमच्याही फायली पुसते. फोल्डर कोडमधून बदलले असेल तर उबंटूची सफाई तिथे पोहोचत नाही. मग पीएचपीची स्वतःची सफाई चालू करायला ‘जीसी प्रोबॅबिलिटी’ ० ची १ करावी लागते. आणखी एक : पीएचपी प्रत्येक विनंतीला कुकी नव्याने पाठवत नाही. रोज काम करणारा माणूसही पहिल्या लॉगिनपासून तिसाव्या दिवशी बाहेर पडतो. मुदत पुढे सरकवायची तर कुकी आपणच पुन्हा पाठवायची.

काउंटरच्या सामाईक संगणकावर ३० दिवसांचे लॉगिन मुळात देऊच नये. तिथे सेशन दोन तासांचे पुरते. ‘मला लक्षात ठेवा’ हवेच असेल तर त्यासाठी वेगळे यादृच्छिक टोकन (ओळखीचा गुप्त संकेत) द्या, डेटाबेसमध्ये त्याचा फक्त हॅश (ज्यावरून मूळ टोकन काढता येत नाही असे रूप) ठेवा, दर वापराला टोकन बदला आणि पासवर्ड बदलताच सगळी टोकने रद्द करा. कुकीवर ‘एचटीटीपी-ओन्ली’ (पानावरच्या स्क्रिप्टला ती वाचता येऊ नये) आणि ‘सिक्युअर’ (ती फक्त सुरक्षित जोडणीवरून जावी) या खुणा हव्यातच.

दुसरी तक्रार एककाची. चौकटीत नुसते ‘३०’ छापले आहे. वेबसाइट बनवण्याच्या प्रत्येक साधनात त्याचा अर्थ वेगळा : पीएचपी आणि जँगोत ते ३० सेकंद होतात, जुन्या एएसपी डॉट नेटच्या फॉर्म्स ऑथेंटिकेशनमध्ये ३० मिनिटे, एक्सप्रेसच्या ‘मॅक्सएज’मध्ये ३० मिलिसेकंद. तिथे लॉगिन होताक्षणीच संपेल आणि नवशिका पासवर्डच तपासत बसेल. तीस दिवस म्हणजे २५,९२,००० सेकंद. एक्सप्रेसमध्ये त्यावर आणखी तीन शून्ये.

दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच आकारात, एककासह छापावी ही विनंती. अनेकांनी ती चौकट कापून ठेवली असेल.

आपला,
एक वाचक, सांगली