एकटेपणावर ॲप कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला एकटेपणावरचा लेख वाचला. अर्धं पान दिलंत, आनंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा तो सहा माणसांत एक एकटा असल्याचा आकडा आहे, मोबाईलने शेजारधर्म संपवला म्हणून गळा काढलाय आणि शेवटी उपाय काय तर मैत्री जुळवणारं ॲप आणि शनिवारची कार्यशाळा, तीसुद्धा फी भरून! वर जाता जाता लोकलच्या ग्रुपवाल्या बायकांना 'डब्यातली दादागिरी' असा एक टोला. तो मला बरोब्बर लागला म्हणून हे लिहायला बसले.

सीट अडवतात हे खरंय. आमच्यातल्याही एकदोघी पर्स ठेवून अडवतात आणि आमच्याकडूनच बोलणी खातात. पण तेवढंच दिसलं का हो लेखकांना? दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरणं लावून पेढे वाटतो तेव्हा ग्रुपबाहेरच्यांना वगळत नाही आम्ही. आणि हे काही आजचं नाही, १९९२ साली महिला स्पेशल सुरू झाली त्याच्या आधीपासून बायका डब्यात भाज्या निवडतायत, हळदीकुंकू करतायत.

मागच्या पावसाळ्यात मिस्टरांना डेंग्यू झाला, प्लेटलेट्स भराभर उतरल्या, डॉक्टर म्हणाले एसडीपी लागेल, म्हणजे एकाच माणसाकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेट्स, डोनर बघा. मी आधी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, म्हटलं खालीवर राहणारी माणसं आहेत. धडाधड हात जोडलेले इमोजी आले, 'गेट वेल सून' आलं, एका काकांनी पपईच्या पानांच्या रसाचा व्हिडिओ टाकला आणि त्याच्याखाली लगेच सेक्रेटरींचा मेसेज, गेटसमोरची पांढरी गाडी कोणाची आहे त्वरित काढा. झालं, पुढचं सगळं गाडीवरच! मग रडत रडत आमच्या लोकलच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. रात्री दोघी रिक्षा करून ब्लड बँकेत हजर. दोघींचंही हिमोग्लोबिन कमी निघालं, परत पाठवलं, तर त्यातल्या एकीने तिथूनच ठाकुर्लीला दिराला फोन लावला, तो आला आणि दीड-दोन तास हात लांब करून मशीनला बसला. त्या माणसाला मी त्याआधी कधी बघितलंही नव्हतं, त्याच्या वहिनीशेजारी बसून मटार मात्र बरेच सोललेत.

मोबाईल एकच, व्हॉट्सॲप तेच, मग दोष मोबाईलचा कसा ते लेखकांनी सांगावं. सोसायटीत आम्ही एकमेकांना लिफ्टमध्ये भेटतो, तेही मान खाली घालून. लेखकांना म्हटलं असतं एकदा येऊन बघा आमच्या डब्यात, पण लेडीज डबा, टीसी दंड करेल.

आता खरं काय मोडतंय ते सांगते, जमलं तर त्यावर अर्धं पान द्या. वेळापत्रक बदललं आणि आमची रोजची गाडीच एसी झाली. पासाचे पैसे बघून निम्म्या जणी नंतरच्या गाडीला गेल्या, काही आधीच्या गाडीला, दोघी एसीतच राहिल्या. ग्रुपचं नाव अजून जुन्याच टायमिंगचं आहे. गाडी किती लेट, इंडिकेटर काय दाखवतोय, सगळे मेसेज येतात, वाढदिवसाचे केकही येतात पण फोटोतले. नव्या गाडीत मला अजून 'ठाणा कोण?', म्हणजे ठाण्याला उतरून सीट कोण सोडणार, असं ओरडून विचारावं लागतं आणि कोणी मान वर करत नाही. वेळापत्रक करणाऱ्यांनी कधी विचारलं का कोणाला?

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

ता.क. शब्दकोड्याचं उत्तर आठवड्याने छापता, तोवर आमचा पेपर रद्दीत गेलेला असतो. दुसऱ्या दिवशी छापायला काय हरकत आहे?