एक जूनवाल्यांचं कोर्ट कोणतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिकच्या सिडको-सातपूरकडे कोयता घेऊन फिरणारी पोरं पकडली गेली की आपल्या पत्रांच्या सदरात एकच मागणी असते: यांना लहान म्हणू नका, मोठ्यांच्या कोर्टात उभं करा. राग मला कळतो. आमच्या गल्लीतही एका रात्री दोन रिक्षांच्या काचा फुटल्या आहेत. पण मी एकतीस वर्षं शाळेत क्लार्क होतो. ‘मोठा’ कोण, हे कागदावर कसं ठरतं ते जवळून पाहिलंय.

काही वर्षांपूर्वी शाळेचं जनरल रजिस्टर (प्रवेशाची नोंदवही) घेऊन कोर्टात हजर राहण्याचं समन्स आलं. आमचा एक जुना विद्यार्थी खुनाच्या प्रयत्नात आरोपी होता. अटकेच्या कागदावर वय १९. कुठे काम मिळावं म्हणून पोरगा सगळीकडे तेच सांगायचा, पोलिसांनाही तेच सांगितलं. दाखला कुणी मागितला नाही. सात महिने तो मोठ्या कैद्यांच्या बराकीत होता. मग एका वकीलबाईंनी अर्ज केला, की घटनेच्या वेळी हा अठराच्या आत होता, हे कोर्ट याचा खटला चालवूच शकत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ९ असा आक्षेप कुठल्याही कोर्टात, कधीही घेऊ देतं. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागत नाही, पुरावा लागतो. म्हणून मी आणि माझं रजिस्टर.

पान उघडलं. जन्मतारीख १ जून. सरकारी वकील हसून म्हणाले, या पानावर एक जूनवाले किती, मोजा. मोजले. एकवीसपैकी नऊ. त्यातले काही माझ्याच अक्षरातले. खोटं कसं बोलणार? प्रवेशाला आलेली आई म्हणायची, पोळ्याच्या तोंडावर झाला. जूनमध्ये सहा पूर्ण दिसायला हवीत म्हणून आम्ही १ जून टाकायचो. म्हणजे वय वाढवायचो, साहेब, कमी नाही करायचो, एवढंच मी सांगितलं. ग्रामपंचायतीच्या नोंदीत ऑगस्ट निघाला. घटनेच्या दिवशी पोरगा सतरा वर्षांचाही नव्हता. त्याला उंटवाडीच्या निरीक्षणगृहात हलवलं आणि प्रकरण अल्पवयीन आरोपींसाठीच्या बाल न्याय मंडळाकडे गेलं.

तो सुटला नाही, हे मुद्दाम सांगतो. आक्षेप फक्त कोर्टाबद्दल होता. सोळा ते अठरा वयाच्या मुलाला मोठ्यांसारखा खटला लागूच शकतो, पण गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असली तरच, आणि मंडळाने आधी त्याची समज, क्षमता व परिस्थिती तपासल्यावर. किमान शिक्षाच ठरलेली नसेल तर गुन्हा कितीही भयंकर वाटला तरी त्या वर्गात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय. खुनाच्या प्रयत्नाचं तसंच आहे. (पुण्याच्या पोर्शे प्रकरणात अल्पवयीन आरोपीला घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर आपण सगळेच भडकलो. पण तो जामिनाचा प्रश्न होता. कोर्ट कुठलं, हा वेगळा.)

वय आधी न पाहिल्यानं काय होतं? पुण्यातल्या १९९४ च्या एका हत्याकांडात फाशीची शिक्षा सुनावलेला माणूस घटनेच्या वेळी १२ वर्षांचा होता, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केलं. तेही राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून. तोवर २८ वर्षं गेली होती.

माझी मागणी साधी आहे. मिसरूड फुटलेलं पोर पकडलं, की पहिल्या रिमांडच्या आत एका हवालदाराला शाळेत पाठवा. रजिस्टर काढायला दहा मिनिटं लागतात. आणि ज्या शाळा बंद पडल्या, त्यांची रजिस्टरं कुठल्या कपाटात आहेत याची यादी शिक्षण विभागाने पोलिसांना द्यावी. एका बंद शाळेची रजिस्टरं मी स्वतः जिन्याखाली पाहिली आहेत, खडूच्या खोक्यांबरोबर. निम्म्यांना वाळवी लागली होती.

आपला,
एक निवृत्त शाळा लिपिक, नाशिकरोड