काच बदलली आहे, घालून बघा

मॅडम,
स.न.वि.वि.

हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय म्हणून रागावू नका. समोरासमोर आभार मानायला दोनदा आलो होतो. दोन्ही वेळा तुम्ही "बरं बरं, आधी ती केबल गुंडाळून ठेवा" म्हणालात आणि विषय संपला. आता केबल गुंडाळून झाली आहे. ऐकून घ्या.

परवा माझं वेल्डिंगचं पहिलं पैसे मिळवून देणारं काम पुरं झालं. लोखंडी फाटकाच्या बिजागऱ्या, आठ नग. शेवटच्या बिजागरीवरची स्लॅग, म्हणजे जोडावर जमलेली खपली, ठोकली, ब्रश मारला आणि खालून बीड, म्हणजे जोडाची रेघ, निघालं. सरळ, सारख्या लाटांचं, कडेला कुठे खाच नाही. मी हेल्मेट पुन्हा तोंडावर ओढून घेतलं. वेल्डिंग संपलं होतं, पण ५१ वर्षांचा माणूस बिजागरीकडे बघून रडतोय हे गिऱ्हाइकाला कशाला दिसायला हवं?

तुमच्याकडे वेल्डिंग शिकायला येण्याआधी मी दोन ठिकाणी हात टेकले होते, हे तुम्हाला अर्धंच माहीत आहे. उरलेलं आज सांगतो.

२२ वर्षं मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. वेल्डिंग रॉडची हजारो पाकिटं याच हातांनी खिडकीतून बाहेर दिली. ६०१३ कुठल्या खणात, ७०१८ कुठल्या खणात, कुठल्याला ओल चालत नाही, झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. तो रॉड पेटल्यावर काय होतं ते मात्र कधी जवळून पाहिलं नव्हतं. कारखाना बंद पडला तेव्हा वाटलं, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हातात देत आलो, आता आपणच धरून बघू.

पहिल्या ठिकाणचे शिकवणारे कामात वाघ होते, त्यात खोट नाही. एकदा करून दाखवायचे, तेही स्वतःच्या वेगाने, आणि म्हणायचे, "बघितलं ना? हाणा आता." विशीतली पोरं हाणायची. माझा रॉड चिकटायचा. झटका देऊन सोडवला की हात लांब जायचा आणि नुसता ठिणग्यांचा सडा. आठवड्याभरात त्यांनी सगळ्यांदेखत निकाल दिला: "काका, भाजलेल्या मडक्याला आकार देता येत नाही." पोरं हसली. मीही हसलो. न हसून जातो कुठे?

खरी गोष्ट अशी की मला दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हेच मला माहीत नव्हतं. काळ्या काचेतून सगळ्यांना असंच धूसर दिसत असणार, असं मी धरून चाललो होतो. मग टोक कुठे टेकलंय ते बघायला स्क्रीन जरा बाजूला सरकवायचो. क्षणभरच. दिवसभर काही झालं नाही. रात्री दोन वाजता डोळ्यांत कोणी वाळू ओतल्यासारखं झालं. आर्कमधली, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या झोतातली, अतिनील किरणं डोळ्याचा वरचा पडदा भाजतात आणि दुखणं काही तासांनी उगवतं, हे तुमच्याकडे पहिल्या दिवशी पहिल्या तासाला कळलं. तिथे मी सुजलेले लाल डोळे घेऊन गेलो तर प्रश्न आला, "काल रात्री कुठे होता, काका?"

दुसऱ्या ठिकाणी कारभार फार आधुनिक. आत पाऊल ठेवल्याबरोबर फॉर्म. नवीन यंत्र घेतलंत तर माहितीपुस्तक वाचाल, कोणाला विचाराल की बटणं दाबून बघाल? असे बरेच प्रश्न. मी आपला प्रामाणिकपणे "विचारेन" वर खूण करत गेलो. जन्म खिडकीत बसून विचारण्या-सांगण्यात गेलेला. शिक्का बसला: श्राव्य. म्हणजे मी ऐकून शिकणारा. मग मला खुर्ची मिळाली, हेडफोन मिळाले, आर्क म्हणजे काय यावर तासन्‌तास ऐकायला मिळालं. रॉड धरायचा होल्डर हातात आला तो तिसऱ्या आठवड्यात. ऐकून पोहायला शिकण्यातलाच हा प्रकार.

(हल्ली रात्री वाचत बसायची सवय लागली आहे. २००८ मध्ये हॅरोल्ड पाश्लर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी या शिक्क्यांवरचं संशोधन तपासलं. माणसाची 'शैली' ठरवून तसंच शिकवलं तर तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. माझे तीन आठवडे त्यात धरलेले नव्हते.)

तुमच्याकडे मी आलो तो चोरासारखा. पहिले दोन दिवस माझा रॉड नेहमीप्रमाणे चिकटत राहिला. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या बूथच्या बाजूला येऊन उभ्या राहिलात. वेल्डिंग शिकवणारा माणूस हात बघतो. तुम्ही माझी मान बघत होतात. मी हनुवटी वर करत होतो, पेपर वाचताना करतो तशी, दुहेरी चष्म्याच्या खालच्या भागातून बघायला. हेल्मेटच्या आत ते जमत नाही. हनुवटी वर गेली की खिडकीही वर जाते. रॉडच्या टोकाचं आणि प्लेटचं अंतर असतं जेमतेम रॉडच्या जाडीएवढं, तीन मिलिमीटर. ते तीन मिलिमीटर मी अंदाजाने धरत होतो.

तुम्ही काही बोलला नाहीत. जाता जाता इतकंच विचारलंत, "घरी सुईत दोरा कोण ओवतं?"

"मुलगी," मी म्हणालो.

"हं," तुम्ही म्हणालात आणि पुढे गेलात. मला वाटलं, बाईंना शिवणकामाचं काही विचारायचं असेल.

दुसऱ्या दिवशी माझं हेल्मेट तुम्ही स्वतः आणून दिलंत. "काच बदलली आहे, घालून बघा." एवढं बोलून पुढच्या बूथकडे वळलात. थांबलाही नाहीत.

मी आर्क मारला. आजवर जिथे पांढरा गोळा दिसायचा तिथे आता रॉडचं टोक होतं, आणि त्याच्या पाठीमागे वितळलेल्या लोखंडाचं इवलंसं डबकं. चकचकीत, कडेने थरथरणारं. शेपटाकडे मळकट स्लॅग सरकत होती आणि लोखंड कुठे संपतं, स्लॅग कुठे सुरू होते ती रेघसुद्धा दिसत होती. "ठिणगीकडे बघू नका, डबक्याकडे बघा," असं तुम्ही तीन दिवस कानीकपाळी ओरडत होतात, आणि हे डबकं असतं तरी कुठे, असं मला वाटायचं. ते हे! अख्खा ३५० मिलिमीटरचा रॉड न चिकटता जळत गेला. उरलेलं थुटुक मी आठवण म्हणून खिशात टाकलं. ते अजून गरम होतं. त्या खिशाला भोक आहे, आणि ते मी शिवू दिलेलं नाही.

दोन आठवड्यांनी काच पुसायला हेल्मेट खोललं. काळी काच तीच होती, १० नंबरची, कोपऱ्यात जुना ओरखडा असलेली. तिच्यामागच्या खाचेत एक चौकोनी भिंग सरकवलेलं होतं. दोन नंबरचं.

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठ होत जातं आणि जवळचं दिसेनासं होतं, हे कोणाला माहीत नाही? हेल्मेटमध्ये बसणारं भिंग मिळतं आणि वय झालेले वेल्डर ते सर्रास वापरतात. पहिल्या ठिकाणच्यांनाही ते ठाऊक असणार, पन्नाशी त्यांचीही जवळ आली होती. त्यांना मडकं आठवलं, भिंग आठवलं नाही.

पण मॅडम, भिंगाचेच आभार मानायचे असते तर चार ओळींत भागलं असतं. माझ्या मनातून जात नाही ते तुमचं वाक्य. काच बदललीच नव्हती, तुम्ही खोटं बोललात. शेजारच्या बूथमध्ये १९-२० वर्षांची चार पोरं कान टवकारून उभी होती. "काकांना दिसत नाही" हे त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून तुम्ही दोष काचेच्या माथी मारलात. मला सुद्धा सांगितलं नाहीत. दोन आठवडे मी आपला हात सुधारला म्हणून खुशीत होतो, आणि तुम्ही मला खुशीत राहू दिलंत.

मग मी इतरांकडे तुम्ही कसं बघता ते बघायला लागलो. ती १७ वर्षांची डावखुरी मुलगी आठवते ना? आम्हाला दाखवताना तुम्ही शेजारी उभ्या राहायचात, तिला दाखवताना समोर. समोर उभं राहिलं की तुमचा उजवा हात तिला आरशातल्यासारखा डावा दिसतो. केबलसुद्धा तिच्या डाव्या बाजूने फिरवून घेतली होतीत. आणि तो ड्रॉइंग दिसलं की पाणी प्यायला पळणारा पोरगा? त्याला तुम्ही आधी जॉब करायला लावायचात आणि मग म्हणायचात, "आता हे जे केलंस ते कागदावर काढ." महिन्याभरात तो उलट्या वाटेने ड्रॉइंग वाचायला शिकला. पाणी प्यायला मात्र तो अजूनही पळतो, ती सवय गेली नाही.

कानाचं जे शिकायचं होतं तेही तुमच्याकडेच शिकलो. सगळ्या बॅचला पाठ करून उभं केलंत आणि तीन वेळा आर्क मारलात. अंतर जास्त झालं की फुसफुस आणि फटफट, कमी झालं की आवाज गुदमरल्यासारखा, बरोबर असलं की पत्र्यावर लागलेल्या संततधारेसारखा सलग. श्राव्य, अश्राव्य असा भेद न करता सगळ्यांनी ऐकलं.

आणि मला फळ्यापुढे उभं केलंत, ते तर मी विसरणारच नाही. ६०१३ हा आकडा मला पाठ होता, अर्थ माहीत नव्हता. एका संध्याकाळी तुम्ही समजावलंत आणि सकाळी म्हणालात, "स्टोअरकीपर, पोरांना पाकीट वाचायला शिकवा." पहिले दोन आकडे धातूची ताकद, चौरस इंचाला ६० हजार पौंड. तिसरा १, म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर, कसंही चालेल. शेवटचा लेपाचा आणि करंटचा. ७०१८ ला ओल का चालत नाही हे सांगताना तर माझा आवाजच चढला. त्या ओलीतला हायड्रोजन धातूत शिरतो आणि जोडाला चीर जाते. इतकी वर्षं मी ती पाकिटं ओव्हनजवळ का ठेवत होतो, ते त्या दिवशी मलाही कळलं. त्यानंतर पोरं मला काकाच म्हणत राहिली, पण म्हणण्याचा सूर बदलला.

तुम्ही हे कुठे शिकलात मला माहीत नाही. वाचताना एवढं सापडलं की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या माणसांची, त्यात बायकांची, रीघ लागली, तेव्हा शिकवणाऱ्यांसाठी खिशात मावेल असं एक कार्ड काढलं होतं. चार पायऱ्या: शिकणाऱ्याची तयारी करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मागाहून लक्ष ठेवा. खाली एक ओळ होती: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. पहिल्या ठिकाणी चारातली एकच पायरी होती, दाखवा. दुसऱ्या ठिकाणी तयारीच संपेना. तुम्ही चारही पायऱ्या सगळ्यांना चढवल्यात, कोणाला कुठल्या पायरीवर जास्त वेळ लागेल एवढंच बघत राहिलात. डावखुरीला दुसरीवर लागला. मला पहिल्याच पायरीवर.

जगात मदत करणारी माणसं खूप भेटतात, नाही म्हणून कसं चालेल? पण बहुतेकांची मदत घेताना आपल्याला थोडं वाकावं लागतं. केलेलं सांगायचं नसतं हे ज्यांना कळतं ती माणसं मोजकी, आणि अशी माणसं आभार मानायला गेलं की केबल गुंडाळायला लावतात.

आता एक कबुली. बॅच संपली तेव्हा ते भिंग मी हेल्मेटमधून काढून घरी आणलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. २२ वर्षं ज्याने खिळासुद्धा सहीशिवाय बाहेर जाऊ दिला नाही, त्याने वर्कशॉपमधला माल नोंदीशिवाय उचलला. बिजागऱ्या त्याच भिंगातून केल्या. परत द्यायला जीव होत नाही, म्हणून ते ठेवून घेतोय आणि बदली माल पाठवतोय. तुमच्या रजिस्टरला एवढं चढवून घ्या: हेल्मेटमध्ये बसणारं भिंग, दीड नंबर, नग एक. दोन नंबर, नग दोन. अडीच नंबर, नग एक. पाकिटावर लिहिलंय: "काच".

आपला,
दुसऱ्या रांगेतल्या तिसऱ्या बूथमधला स्टोअरकीपर