फॉरमॅट करण्यापूर्वी कारण विचारा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विषय : वारंवार आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होणाऱ्या लॅपटॉपची तपासणी

शहापूर-वडगाव भागात संगणक दुरुस्तीचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. महाविद्यालयांतून प्रकल्प सादर करण्याचे दिवस जवळ आले की एकाच तक्रारीचे लॅपटॉप एकामागून एक दुकानात येऊ लागतात. काम चालू असताना पडदा अचानक काळा होतो, क्षणभराने कंपनीचे बोधचिन्ह दिसते आणि काही घडलेच नाही अशा थाटात लॅपटॉप पुन्हा सुरू होतो. यांतले बरेच लॅपटॉप माझ्याकडे येण्याआधी दुसरीकडे कुठेतरी फॉरमॅट होऊन (म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवून) आलेले असतात आणि दोष मात्र जागच्या जागी असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील वाचकांना माझी विनंती आहे की, लॅपटॉप दुरुस्तीला देताना ‘फॉरमॅट मारून द्या’ असे त्यांनी स्वतःहून सांगू नये आणि दुकानदाराने तसे सुचविल्यास ‘कारण काय सापडले?’ हे आधी विचारावे.

फॉरमॅटला माझा सरसकट विरोध नाही. विंडोजच्या फाइलीच बिघडल्या असतील आणि त्या दुरुस्त करण्याच्या आज्ञांनी काम भागले नसेल, तर तो उपाय करावाच लागतो. परंतु ज्या दोषाचे मूळ पंख्यात, बॅटरीत किंवा रॅममध्ये (चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीत) आहे, त्याला फॉरमॅटने काहीही फरक पडत नाही. उलट लॅपटॉप कधी आणि कोणत्या अवस्थेत बंद पडला याची जी नोंद विंडोजने स्वतः ठेवलेली असते, ती नेमकी पुसली जाते आणि पुढच्या तंत्रज्ञाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

‘बंद पडतो’ एवढेच न सांगता तो कसा बंद पडतो हे ग्राहकाने सांगितले, तर निम्मे निदान तेथेच होते. आधी पंखा जोराने घोंघावू लागला, काम मंदावले, तळ हात लावू नये इतका तापला आणि मग लॅपटॉप एकदम विझला, तर संशय उष्णतेवर घ्यावा. कसलीही पूर्वसूचना न देता, दिवा मालवावा तसा तो विझला, तर अडॅप्टर, बॅटरी किंवा आतील वीजपुरवठ्याकडे पाहावे. विझण्यापूर्वी क्षणभर निळा पडदा आणि त्यावर इंग्रजी मजकूर दिसून गेला असेल, तर ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालविणारा प्रोग्रॅम), रॅम किंवा डिस्क यांपैकी कोणाची तरी चूक विंडोजच्या लक्षात आली असून त्याने स्वतःच काम थांबविले आहे, असे समजावे.

हा मजकूर वाचता येत नाही अशी तक्रार सर्वजण करतात आणि ती रास्त आहे. गंभीर चूक आल्यास लॅपटॉपने आपोआप पुन्हा सुरू व्हावे अशी व्यवस्था विंडोजमध्ये मुळातच केलेली असते, त्यामुळे पडदा वाचण्याआधीच नाहीसा होतो. ‘ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज’मध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ नावाचा भाग आहे. तेथील ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढून टाकली की पडदा थांबून राहतो आणि मोबाइलवर त्याचा फोटो घेता येतो. (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा पडदा निळ्याऐवजी काळा झाला आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.) त्यावरील ‘मेमरी मॅनेजमेंट’ हे शब्द बहुधा रॅमकडे बोट दाखवितात, ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ हे ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे, तर ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’ हे सहसा यंत्राच्या प्रत्यक्ष भागांकडे. असा एक फोटो घेऊन आलेला विद्यार्थी माझे बरेचसे काम आधीच करून आलेला असतो.

फोटो मिळाला नाही तरी नोंद असते. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ असे टाइप केल्यास जो तक्ता उघडतो, त्यात कोणत्या तारखेला काय कोसळले हे लाल फुल्यांनी दाखविलेले असते. सामान्य वापरणाऱ्याला तो पुरेसा आहे. त्याहून तपशील हवा असेल तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील ‘सिस्टम’ नोंदी पाहाव्यात. तेथे ‘कर्नल-पॉवर’, क्रमांक ४१, ही नोंद दिसली की आमच्या व्यवसायातील काही मंडळी ‘पॉवरचा प्रॉब्लेम आहे’ असे सांगून मोकळी होतात. वास्तविक या नोंदीचा अर्थ इतकाच की लॅपटॉप रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला. तो का, हे ती सांगत नाही. त्या नोंदीच्या तपशिलात ‘बगचेककोड’ हा त्रुटीचा आकडा शून्य असेल तर विंडोजला चूक लिहून ठेवायलाही सवड मिळाली नाही असा अर्थ होतो आणि मग वीज, उष्णता किंवा पूर्ण गोठून जाणे यांचा विचार करावा लागतो. शून्याखेरीज दुसरा आकडा असेल तर त्याच आकड्याचा माग काढावा. क्रमांक १०७४ ची नोंद मात्र निरुपद्रवी असते. कोणत्या तरी प्रोग्रॅमने, बहुधा विंडोज अपडेटने, रीतसर सांगून लॅपटॉप पुन्हा सुरू केला असे तीत लिहिलेले असते. त्यासाठी दुकानात येण्याची गरज नाही. अपडेटच्या सेटिंगमध्ये आपल्या कामाच्या वेळा भरून ठेवाव्यात.

आपल्या भागात सर्वांत जास्त आढळणारे कारण उष्णता हेच आहे, असे मी अनुभवाने सांगतो. वडगाव, शहापूर, खासबाग या विणकर वस्त्यांतून येणारा लॅपटॉप उघडला की हवा बाहेर फेकणाऱ्या जाळीच्या आतल्या बाजूस, पंखा आणि तांब्याच्या नळीला जोडलेल्या पातळ पत्र्यांच्या मध्ये, सुताच्या तंतूंचा एक थर घट्ट बसलेला सापडतो. चिमट्याने ओढल्यास तो गोधडीच्या तुकड्यासारखा अखंड निघतो. बाहेरून ब्लोअर मारून हा थर निघत नाही, उलट आणखी दाबला जातो. त्यासाठी पंखा सोडवावाच लागतो. निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारींतून येणाऱ्या लॅपटॉपमध्ये बारीक, चिकट भुकटी असते, तर उद्यमबागेतील फाउंड्रीच्या कार्यालयांतून येणाऱ्यांत लोखंडाची धूळ असते. ती विजेची वाहक असल्यामुळे केवळ हवा अडविण्यावर न थांबता सर्किटवर नको त्या जागी जोड करू शकते. प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सियसच्या घरात पोहोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही तापमान वाढतच राहिले तर जळण्यापूर्वी वीज तोडतो. म्हणजे अशा वेळी लॅपटॉपचे बंद पडणे हा त्याने स्वतःचा केलेला बचाव असतो. ‘एचडब्ल्यूइन्फो’सारख्या मोफत प्रोग्रॅमवर तापमान पाहता येते. किरकोळ काम करतानाही आकडा सतत नव्वदीच्या वर राहत असेल तर अंतर्गत सफाई करून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) बदलून घ्यावी. सफाई करणाऱ्याने ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली आहेत की नाही, हेही ग्राहकाने पाहावे, कारण जोराच्या हवेने पंखा प्रमाणाबाहेर फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. लॅपटॉप रजईवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवून वापरणाऱ्यांना ही सफाई कितीही वेळा केली तरी पुरणार नाही.

विजेच्या बाबतीत लोक चुकीच्या जागी दोष देतात. खेड्यात व्होल्टेज कमी-जास्त होते म्हणून लॅपटॉप बंद पडतो, असे मला वारंवार ऐकविले जाते. बहुतेक अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, हे त्यांच्या पाठीवरच छापलेले असते, आणि बॅटरी धड असेल तर वीज पूर्ण गेली तरी लॅपटॉपला त्याचा पत्ताही लागत नाही. तेव्हा लाइट लुकलुकली की लॅपटॉप बंद पडत असेल, तर बॅटरी संपलेली आहे एवढेच त्यातून सिद्ध होते. विंडोजमध्ये ‘बॅटरी रिपोर्ट’ काढण्याची सोय आहे. मूळ क्षमता आणि आता भरणारी क्षमता हे दोन आकडे त्यात शेजारी शेजारी येतात. दुसरा संशयित म्हणजे बाजारात मिळणारा लोकल अडॅप्टर. मूळ अडॅप्टर ६५ वॉटचा आणि बदली ४५ वॉटचा असेल, तर साधे टायपिंग नीट चालते आणि जड काम सुरू करताच दम लागतो. चार्जिंगची पिन हलविल्यावर लॅपटॉप विझत असेल तर आतला जॅक सैल झालेला असतो. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण सपाट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजून वापर त्याच क्षणी थांबवावा. ती दाबू नये, टोचू नये आणि घरी काढण्याच्या भानगडीत पडू नये.

रॅमचा दोष फसवा असतो, कारण तो कधी दिवसभर गप्प राहतो. ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ ही चाचणी लॅपटॉपमध्येच असते. तिच्यात दोष आला तर तो खरा मानावा; आला नाही म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही आणि रात्रभर ‘मेमटेस्ट’ ही रॅमची वेगळी चाचणी लावून ठेवावी लागते. खानापूर तालुक्यातील कणकुंबी-जांबोटी बाजूच्या पावसात आणि दमटपणात राहिलेल्या लॅपटॉपच्या रॅमवरील सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या मी पाहिल्या आहेत. वीज व बॅटरी तोडून, रॅम बाहेर काढून त्या पट्ट्या साध्या खोडरबराने हलकेच पुसल्या आणि रबराचा चुरा झटकून ती परत घट्ट बसविली की कित्येकदा तक्रार मिटते. ग्राहकाने मात्र हे घरी करू नये. शिवाय हल्लीच्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच पक्की जोडलेली असते, तेथे हा प्रश्नच येत नाही.

ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम यांच्या दोषाची कसोटी सोपी आहे. सेफ मोडमध्ये (फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन विंडोज सुरू करण्याच्या पद्धतीत) लॅपटॉप तासन् तास नीट चालत असेल आणि नेहमीच्या पद्धतीने सुरू केल्यावर बंद पडत असेल, तर आधी हेच पाहावे. तक्रार सुरू होण्यापूर्वी काय नवीन आले, अपडेट, प्रिंटरचा ड्रायव्हर की दुसरा अँटिव्हायरस, हे आठवून ते काढून टाकावे आणि ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा प्रणालीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले आणि भारतातल्या काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. त्या संगणकांत कोणताही भाग खराब नव्हता आणि ते फॉरमॅट करण्याचीही गरज नव्हती; सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढली की संगणक पूर्ववत चालत होता.

फॉरमॅटने होणारे नुकसान आपल्याकडे थोडे अधिकच आहे. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे दोन्ही सी ड्राइव्हवर असतात, ही गोष्ट दुकानदाराला माहीत असते आणि ग्राहकाला नसते. लग्नपत्रिका व जाहिराती मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत करणाऱ्या डीटीपी चालकांचे तर श्रीलिपी, नुडी, बरह यांचे जुने फॉन्ट, त्यांची मांडणी आणि कीबोर्ड असे सगळेच जाते, आणि जुन्या फाइली उघडल्यावर अक्षरांऐवजी भलत्याच खुणा दिसू लागतात. त्यातच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद करण्याची सोय पुष्कळदा मालकाच्या नकळत चालू झालेली असते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या आपल्या खात्यात सापडते. लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी ती लिहून घ्यावी आणि फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी. डिस्कच खराब होत चालली असेल तर तपासणीच्या आधी हीच प्रत काढण्याची घाई करावी.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने दिलेला नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर, तो निकषांत बसत नसतानाही, विंडोज ११ आडवाटेने बसवून देण्याचा प्रकार वाढलेला दिसतो. अशा लॅपटॉपला योग्य ड्रायव्हर मिळेलच याची हमी नसते. त्यानंतर बंद पडण्याची तक्रार सुरू झाली असेल, तर ग्राहकाने ही गोष्ट तंत्रज्ञापासून लपवू नये.

आमच्या व्यवसायबंधूंना माझी सूचना आहे की, बिलावर ‘सर्व्हिस चार्ज’ एवढेच न लिहिता काय तपासले, काय सापडले आणि कोणता भाग बदलला हे दोन ओळींत लिहावे आणि काढलेला जुना भाग ग्राहकाला परत द्यावा. ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगण्यापूर्वी दुसरा अडॅप्टर, दुसरी रॅम आणि दुसरी डिस्क लावून पाहिली होती का, हेही त्यातच नमूद व्हावे. ग्राहकांनी असे बिल मागावे आणि जपून ठेवावे. पुढच्या वेळी लॅपटॉप कोणाकडेही नेला तरी तेच आधी दाखवावे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक
शहापूर, बेळगाव