हो म्हणण्याआधी दिवस मोजायला लावणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

समावेशित शिक्षणाचं, म्हणजे दिव्यांग मुलांना इतर मुलांसोबत शिकवण्याचं, तालुक्याचं समन्वयाचं काम घ्यावं की नाही, हा प्रश्न घेऊन धुळे, नंदुरबार आणि जळगावकडच्या कितीतरी विशेष शिक्षिका तुमच्या ओट्यावर येऊन बसल्या. तुम्ही कुणाला "घे" म्हटलं नाही, "नको" म्हटलं नाही. कोरा कागद पुढे सरकवला आणि एवढंच सांगितलं, "आधी दिवस मोजा." त्या कागदासाठी हे जाहीर आभार. ज्यांना तुमच्या ओट्यापर्यंत येता आलं नाही त्यांनाही तो वाचता यावा, म्हणून त्यातलं जमेल तेवढं इथे उतरवत आहोत.

तुमची मोजणी अशी. महिन्यात कामाचे दिवस धरा २४. त्यातले ५ यू-डायसच्या (शाळांच्या सरकारी माहिती-संकलनाच्या) नोंदी, लाभार्थी याद्या आणि अहवाल खातात. जिल्ह्याची बैठक, तालुक्याची बैठक आणि दोन केंद्रांच्या शिक्षण परिषदा मिळून ४. तपासणी शिबिर किंवा वैद्यकीय मंडळापुढे मुलं नेणं यात २. "आजच माहिती पाठवा" अशा पत्रांत १. उरले १२. दिवसाला दोन शाळा झाल्या तर २४ शाळा. तालुक्यात १८० शाळा असतील तर एक फेरी पुरी व्हायला साडेसात महिने. अक्राणीसारख्या डोंगरी तालुक्यात एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायलाच अर्धा दिवस जातो. तिथे दिवसाला एकच शाळा धरा, मग फेरी पंधरा महिन्यांची होते, म्हणजे शाळेच्या वर्षात ती बसतच नाही.

आणि यात घरी राहून शिकणारी मुलं अजून आलेली नाहीत. अशी १५ मुलं, प्रत्येकाला महिन्यात दोन भेटी, दिवसाला दोन घरं, की झाले १५ दिवस. हातात तर १२च आहेत. हा हिशेब कागदावर दिसला की "मला जमेल का" हा प्रश्न गळून पडतो आणि खरा प्रश्न वर येतो, की या तालुक्यात आपल्यासोबत किती विशेष शिक्षक आहेत? सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालाने प्राथमिकला १० मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण धरलं. प्राथमिकची १५० आणि वरची ९० मुलं असतील तर १५ आणि ६, असे २१ शिक्षक लागतात. भरलेली पदं किती, हा आकडा तोंडी न घेता गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी घ्यायला तुम्ही सांगितलंत. तोंडी सांगताना मंजूर पदं सांगितली जातात आणि ऐकणारीला ती भरलेली वाटतात.

बाई, या कामाचा ताण मुलांमुळे येतो असं बाहेरच्यांना वाटतं. तुम्ही ते पहिल्याच दिवशी खोडून काढलंत. ताण येतो तो उत्तर आपण द्यायचं आणि सही दुसऱ्याची, यामुळे. प्रमाणपत्र वैद्यकीय मंडळ देतं, रॅम्प बांधकामवाले करतात, निधी जिल्ह्यावरून सुटतो, आश्रमशाळा आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाकडे असतात. नंदुरबार, तळोदा, धुळे, यावल अशी प्रकल्प कार्यालयं वेगळी आणि जिल्हा परिषद वेगळी. पालक मात्र फोन करतात ते समन्वयकाला. म्हणून प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहायची तुमची पद्धत आमच्या आता हातात बसली आहे. सही कुणाची, आपला कागद तिथे कोणत्या तारखेला पोचला आणि आवक क्रमांक किती. पालकाला "बघते" न म्हणता तो क्रमांक द्यायचा. निम्मा ताण तिथेच उतरतो, कारण पुढचा पाठपुरावा दोघांचा होतो.

चार्ज घेण्याबद्दल तुम्ही जितकं कडक सांगितलंत तितकं दुसऱ्या कुठल्याच गोष्टीबद्दल नाही. साठा नोंदवहीत १४ चाकाच्या खुर्च्या आणि खोलीत ९ असतील तर उरलेल्या ५ च्या पोचपावत्या बघितल्याशिवाय सही करायची नाही. पावत्या नसतील तर यादीवर "प्रत्यक्षात ९, पावत्या उपलब्ध नाहीत" असं लिहून मगच सही. उपयोगिता प्रमाणपत्रं, म्हणजे मिळालेला निधी कुठे खर्च झाला याचे दाखले, कोणत्या वर्षापर्यंत गेली आहेत, हेही त्याच दिवशी बघायचं. मागची राहिलेली उपयोगिता प्रमाणपत्रं नव्या माणसाच्या नावावर चढतात आणि पुढचा निधी अडला की मुलांची साधनं अडतात. नेमणुकीच्या पत्रात मुख्यालय, प्रवासभत्ता आणि "वरिष्ठ सांगतील ती इतर कामे" ही ओळ शोधायची. ती ओळ खोडून मिळत नाही हे खरं. पण महिन्याला कमाल किती दिवस, हे रुजू होण्याआधी विचारता येतं आणि त्याची नोंद ठेवता येते. विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधी, रुजू होणं नंतर.

आता तुमच्या कागदातला आम्हाला सगळ्यात मोलाचा भाग. समन्वयकाच्या यादीत कोण यावं आणि कोण येऊ नये, हा.

तिसरीतलं पोर "आहे" च्या जागी "शे" लिहितं, "मला" च्या जागी "माले" म्हणतं, आणि त्याच्या नावापुढे अध्ययन अक्षमतेची खूण पडते. ती अहिराणी आहे, चूक नाही. पावरी, भिली, मावची बोलणाऱ्या घरांत तर अंतर आणखी मोठं. अशा नोंदींनी यादी फुगते, विशेष शिक्षकाचे दिवस तिकडे जातात आणि ज्या लेकराला खरंच अक्षरं ओळखता येत नाहीत ते मागे राहतं. तुमची दहा मिनिटांची चाळणी आम्ही आता प्रत्येक केंद्रात देतो. आधी कान आणि डोळे. मुलाच्या मागे उभं राहून हळू आवाजात हाक मारायची, फळ्यावरचं मागच्या बाकावरून वाचायला लावायचं. मग घरच्या भाषेत कालचा दिवस सांगायला सांगायचं आणि क्रम लागतो का ते ऐकायचं. घरातल्या दहा वस्तू दाखवून नावं विचारायची, अडखळण्याचा वेग बघायचा. शब्दाचा पहिला आवाज वेगळा काढायला सांगायचा, तोही घरच्या भाषेतल्या शब्दाचा. शेवटी तीन पायऱ्यांची एक सूचना. हे सगळं घरच्या भाषेत नीट जमलं आणि फक्त मराठीत अडलं, तर त्याला भाषेचा पूल हवा, प्रमाणपत्र नको. घरच्या भाषेतही तेच अडलं, तर एनसीईआरटीच्या 'प्रशस्त' या चाळणीच्या तक्त्याचा पहिला भाग वर्गशिक्षकांनी भरायचा आणि दुसऱ्या भागाकडे जायचं. तीही चाळणीच, निदान नव्हे. हे वाक्य तुम्ही प्रत्येक प्रशिक्षणात दोनदा म्हणता, आणि दोनदा म्हणावंच लागतं.

दुसरी गोष्ट सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात अशी मुलं वर्गावर्गांत बसलेली असतात, पण यादीत नसतात, कारण बघितलं तर ती धडधाकट दिसतात. उलट काही शाळा वाहक मुलांनाही आजारी धरून खेळातून बाजूला बसवतात. रक्ततपासणीच्या कागदावर एएस म्हणजे वाहक, आजार नसलेलं मूल, एसएस म्हणजे आजार असलेलं मूल. एसएस मुलाला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यायची, लघवीला कधीही सोडायचं, उन्हात कवायत नाही. आश्रमशाळेत डिसेंबरच्या पहाटे गार पाण्याने आंघोळ नाही, कारण थंडीने आणि अंगातलं पाणी कमी झाल्यानेही दुखणं उसळतं. ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र. यातल्या कशालाच निधी लागत नाही. आश्रमशाळेच्या अधीक्षकांना पत्र देताना प्रत प्रकल्प कार्यालयाला द्यायची, नाहीतर जिल्हा परिषदेचं पत्र म्हणून ते बाजूला पडतं.

साधनांबद्दल थोडक्यात, कारण हे विशेष शिक्षकांना ठाऊक असतं, पण नव्या समन्वयकाच्या ते लक्षात येत नाही. मोजमाप शिबिर आणि वाटप यांत वर्ष गेलं तर खुर्ची आणि कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी) दोन्ही आखूड पडतात. वाटपाच्या दिवशी पुन्हा मोजायचं आणि न बसणारं साधन पोचपावतीवर सही घेऊन गळ्यात घालायचं नाही. श्रवणयंत्र शिट्टी मारत असेल तर बहुतेक वेळा कानातला साचा सैल झालेला असतो. पोर वाढतं, साचा वाढत नाही. बॅटरीचं स्टिकर काढल्यावर एक मिनिट थांबून मग यंत्रात घालायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम यंत्रात जातो, म्हणून रात्री ते कोरड्या डबीत ठेवायचं. रॅम्पला उताराचं प्रमाण एकास बारा. शाळेचा ओटा ४५ सेंटिमीटर असेल तर रॅम्प ५.४० मीटर लांब हवा. दोन मीटरचा बांधला तर खुर्ची मागे उलटते आणि मग त्या रॅम्पवर कुंड्या ठेवल्या जातात.

पैशाबाबत तुमची एक सूचना सगळ्या तालुक्यांत गेली पाहिजे. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलींना दरमहा २०० रुपयांप्रमाणे १० महिन्यांचा भत्ता आहे. हस्तांतर आधारवरून होत असेल तर रक्कम फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाही. आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. आईने मधेच दुसऱ्या बँकेत खातं उघडलं असेल तर ती मूळ बँकेत फेऱ्या मारत राहते आणि राग समन्वयकावर निघतो. जून-जुलैतच कोणतं खातं जोडलेलं आहे ते तपासून घ्यायचं.

दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी तुम्ही ऑक्टोबरचा पहिला आठवडा राखून ठेवायला लावलात. शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं), प्रमाणपत्राची प्रत, फिट येणाऱ्या मुलाच्या गोळ्यांचा मुक्काम संपेपर्यंतचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका प्लास्टिकच्या पिशवीत. गोळ्या मधेच सुटल्या की फिट पुन्हा सुरू होते, आणि ते फडात, दवाखान्यापासून लांब. झटका पाच मिनिटांहून लांबला तर १०८. तोंडात काही कोंबायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. मुकादमाचा नंबरही त्याच पिशवीवर लिहायचा, हे तुमच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं.

फोनचं तुम्ही वेगळं सांगितलंत. कामाचं सिम वेगळं, दहा ते सहा चालू. रात्रीच्या फिटला समन्वयक काही करू शकत नाही, १०८ करू शकतं, हे पालकांना पहिल्या भेटीतच समजावून द्यायचं. ऐकायला हे कठोर वाटतं. पण जी रात्री अकरालाही फोन उचलते, ती दोन वर्षांत काम सोडते आणि पालकांना पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं.

नकार कधी द्यायचा, हेही तुम्ही स्पष्ट लिहून दिलं. चार्जची यादी द्यायला टाळाटाळ असेल, प्रवासभत्ता कागदावर नसेल आणि हाताखाली एकही विशेष शिक्षक नसेल, तर नाही म्हणायचं, आणि कारण लिहून नाही म्हणायचं. तो नकार फाइलमध्ये राहतो आणि पुढच्या मागणीला पुरावा होतो. तिन्ही गोष्टी मिळत असतील आणि लेखी विचारलेल्याचं लेखी उत्तर देणारा अधिकारी असेल, तर हो म्हणायला घाबरायचं नाही. पहिल्या तीन महिन्यांत सगळ्या शाळा करायच्या नाहीत. घरी असलेली मुलं आणि ज्यांचं प्रमाणपत्र अडलं आहे ती मुलं, एवढीच. प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यातलं उद्दिष्टही मोजता येईल असं लिहायचं. "मोजायला शिकेल" लिहून उपयोग नाही, "पाचपैकी चार वेळा सात मणी मोजून देईल" असं हवं.

बाई, आमच्यापैकी एकीने हो म्हटलं आहे आणि एकीने नाही. दोघींच्याही हातात तुमचाच कागद होता आणि दोघींना रात्री झोप लागते आहे. यासाठी तुमचे मनापासून आभार.

पावरीतल्या दहा वस्तूंच्या नावांत दोन ठिकाणी गावागणिक फरक निघाला आहे. ती दुरुस्ती घेऊन पोळ्यानंतर येतो. चाळणीचा कागद तोवर छापायला देत नाही.

आपल्या,
धुळे, नंदुरबार आणि जळगावकडच्या विशेष शिक्षिका व विशेष तज्ज्ञ