कासिनोच्या डोंगरावरून आल्यावर

रोम

ति. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवणखाणाचं पुन्हा लिहीत नाही. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं एकही वाक्य धड पुरं होत नाही, म्हणून हे पत्र.

बाबा, कासिनोच्या डोंगरात एकटी गेले म्हणून रागावलात. पण आम्ही ऑफिसातल्या चौघी होतो, अंधाराआधी खाली उतरलो. पन्हाळा ते पावनखिंड भर पावसात तुम्हीच चालवलंत ना मला?

कैरा गावातून चढणाऱ्या त्या वाटेला कॅव्हेंडिश रोड म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात, 1944 साली, इथल्या लढाईत रणगाडे वर नेण्यासाठी आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या सॅपर्सनी (रस्ते-पूल बांधणाऱ्या जवानांनी) आणि न्यूझीलंडच्या लोकांनी ती डोंगरातून काढली. वर एका जागेचं नाव तर मद्रास सर्कस! माथा 593 मीटरचा, तिथे या लढाईत पडलेल्या पोलिश सैनिकांचा उंच दगडी स्तंभ आहे. त्यावर कोरलंय, आत्मा देवाला दिला, देह इटलीच्या मातीला आणि काळीज पोलंडला.

मला आपलं कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवलं. युद्धाच्या काळात तिथल्या निर्वासितांच्या कॅम्पात पाचेक हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका-मुलं. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे बाप-भाऊ इथे लढलेल्या, जनरल अँडर्सच्या याच पोलिश फौजेत होते. पणजोबा दूध घालायला जायचे तेव्हा एक बाई टपालाची वाट बघत पायरीवर बसलेली असायची, असं आज्जी सांगायची. ते टपाल इकडूनच निघत असणार. खाली त्या पोलिश सैनिकांची हजाराहून जास्त थडगी आहेत. एकावर लाल काचेचा दिवा होता, आतलं मेण अजून मऊ. मी तिथे बराच वेळ बसले.

आई, इथली एक गोष्ट तुला पटेल. माथ्यावर पोचल्यावर ही माणसं आधी पाणी पीत नाहीत, घामेजलेला बनियन बदलतात. त्यासाठी पिशवीत कोरडा बनियन घेऊनच निघतात, मग मानेला रुमाल गुंडाळतात. घामावर वारा लागला की मान धरते, पोट बिघडतं, ताप येतो अशी त्यांची खात्री. त्याला नावही आहे, 'कोल्पो दारिया', म्हणजे वाऱ्याचा फटका. जूनच्या उकाड्यातसुद्धा बसची खिडकी लावून घेतात. माझी घरमालकीण ओल्या केसांनी मला दाराबाहेर पडू देत नाही, हात लावून बघते. तेव्हा तिकडे माझी काळजी घेणारं कुणी नाही, असं म्हणू नकोस.

दादाच्या लग्नाच्या हॉलसाठी मी 1 लाख पाठवले आहेत. ते परत करायचं काढू नका. कर्जाचे सातच हप्ते उरलेत. साखरपुड्याला मात्र येणं होत नाही, रजा लग्नासाठी राखून ठेवली आहे. आई, तू 'असू दे गं' म्हणालीस आणि लगेच फोन बाबांकडे दिलास. मला कळलं. लग्नाला हळदीच्या आधी दोन दिवस पोचते, नक्की.

जयसिंगपूरच्या स्थळाला नाही कळवा, पण चांगल्या शब्दांत. माणसं भली आहेत. बाबांच्या गुडघ्याचा एक्सरे काढला असेल तर मला पाठवा, लपवू नका.

आणि बाबा, सकाळी महावीर गार्डनला फिरायला जाता तेव्हा तिथल्या पोलिश स्तंभापाशी एक फूल ठेवाल का? इथे मी ठेवून आले आहे.

तुमची,
सोनू